'एकटा' शब्दाच्या कसोटीवर चार इंग्रजी कोश

इंग्रजी कोश चांगला की कामापुरता, हे पारखायला 'एकटा' या अर्थाचे शब्द फार सोयीचे आहेत. अलोन, लोनली, लोन, सॉलिटरी, लोनसम, फॉरलॉर्न, आयसोलेटेड: यात चूक दोन बाजूंनी होते. एक, छटेची: नुसतं एकटं असणाऱ्याला आपण दुःखी करून टाकतो. दुसरी, वाक्यातल्या जागेची: शब्द बरोबर, पण भलत्या ठिकाणी बसवलेला. एकाच कोशात दोन्हींचं उत्तर क्वचितच मिळतं.

पहिला मान ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचा. कोशकार ए. एस. हॉर्नबींचा हा कोश १९४८ पासून इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठीच निघतो, आणि ते जाणवतं. 'अलोन'पुढे सरळ शेरा आहे: नामाच्या आधी येत नाही. म्हणजे 'द मॅन इज अलोन' चालेल, 'अ‍ॅन अलोन मॅन' चालणार नाही. 'लोन'चं नेमकं उलट. तो नामाआधीच येतो. 'अ लोन फिगर' ठीक, 'द फिगर वॉज लोन' चूक. 'लोनली' दोन्हीकडे बसतो, पण अर्थात दुःख घेऊन येतो. ऑनलाइन आवृत्तीत नोंदीबरोबर 'व्हिच वर्ड' नावाची चौकट असते. ती मिटलेली असते, त्यामुळे बरेच जण ती न उघडताच पुढे जातात. ती जरूर उघडावी. बोलताना 'अलोन'पेक्षा 'ऑन माय ओन' किंवा 'बाय मायसेल्फ' जास्त स्वाभाविक वाटतं, हे तिथेच कळतं. या दोन्हींना 'कुणाच्या मदतीशिवाय' असाही अर्थ आहे. 'आय डिड इट बाय मायसेल्फ' म्हणणारा एकटेपणाची तक्रार करत नसतो, फुशारकी मारत असतो.

छटांसाठी मात्र मेरियम-वेबस्टर सरस. 'अलोन'च्या नोंदीत खाली उतरलं की समानार्थी शब्दांचा एक परिच्छेद लागतो आणि त्यात सात शब्द चढत्या दुःखाने मांडल्यासारखे येतात. 'अलोन' म्हणजे निव्वळ वस्तुस्थिती. 'लोनली'त सोबतीची ओढ. 'लोनसम'मध्ये ती ओढ अधिक हळवी (हा शब्द अमेरिकी वळणाचा आहे, ब्रिटिश लेखनात तो उपरा वाटतो). 'फॉरलॉर्न'मध्ये जिवाभावाच्या माणसापासून तुटल्याची खिन्नता आणि 'डेसोलेट'मध्ये सांत्वनापलीकडचा शोक. 'लोन' मात्र 'अलोन'इतकाच कोरडा, हेही तिथे सांगितलं आहे. सलग वाचण्याजोगा परिच्छेद आहे.

पण दोन गोष्टींत तो कमी पडतो. शब्द वाक्यात कुठे बसतो याबद्दल त्यात काही नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला ते सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. शिवाय 'सॉलिटरी'त बहुतेकदा उदासी असते हे त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. 'टायगर्स आर सॉलिटरी' या वाक्यात उदासीचा मागमूस नाही. वाघ एकटे राहतात, इतकंच. माणसाबद्दलही 'सॉलिटरी' म्हटलं तर एकांत आवडणारा, असा अर्थ सहज निघतो.

कॉलिन्सच्या संकेतस्थळावरचा कोबिल्ड कोश अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो. १९८७ च्या पहिल्या आवृत्तीपासून ही त्याची रीत आहे. माणूस 'लोनली' असेल तर काय आणि जागा 'लोनली' असेल तर काय, हे त्यामुळे वेगळं उलगडतं: जागेच्या बाबतीत तिथे फारसं कुणी फिरकत नाही, एवढाच अर्थ. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. पान लांबलचक असतं; कोबिल्डखाली दुसऱ्या कोशांच्या नोंदीही येतात, त्या सुरुवातीला सोडल्या तरी चालतं.

तिन्ही कोशांत आपल्यालाच जुळवून घ्यावी लागते ती 'सॉलिट्यूड', 'आयसोलेशन' आणि 'लोनलीनेस' या नामांची तुलना. 'सॉलिट्यूड' बहुधा हवासा एकांत, 'आयसोलेशन' तुटलेपण किंवा तोडून ठेवणं, 'लोनलीनेस' मनाचं एकाकीपण. जागेचंही तसंच: 'सिक्लूडेड' म्हटलं की शांत आडोसा, 'आयसोलेटेड' म्हटलं की मदत पोचायला अवघड ठिकाण. पण 'अ‍ॅन आयसोलेटेड केस' म्हणजे एखादंच सुटं प्रकरण. तिथे एकटेपणाचा संबंध नाही.

'अलोन'चे वाक्प्रयोगही नोंदीच्या तळाशी शोधावे लागतात. 'लिव्ह मी अलोन' म्हणजे माझ्या वाटेला जाऊ नकोस. 'ही कान्ट वॉक, लेट अलोन रन' म्हणजे त्याला चालता येत नाही, पळणं तर दूरच. आणि 'मनी अलोन' म्हणजे नुसता पैसा. नामाला चिकटून मागे आलेला 'अलोन' 'फक्त' असा अर्थ देतो.

राहिला रॉजेचा थिसॉरस. १८५२ पासून त्याचा दबदबा आहे, पण त्यात कल्पनेनुसार शब्दांचे गट असतात, अर्थ दिलेले नसतात. 'अलोन'च्या जागी भारदस्त काही हवं म्हणून त्यातून थेट 'डेसोलेट' उचलला, की सुट्टीत घरी एकटा राहिलेला माणूस शोकाकुल होऊन बसतो. ओठांवर असलेला शब्द आठवत नसेल तेव्हा रॉजे उघडावा आणि सापडलेला शब्द वापरण्याआधी ऑक्सफर्डमध्ये त्याची जागा, मेरियम-वेबस्टरमध्ये त्याची छटा तपासावी.