उद्यमनगरच्या डोळ्यांनी बघितलेली ३४१३ नंबरची फेरारी जीटीओ

चाळीस वर्षं मी कोल्हापुरात, उद्यमनगरात इंजिनं बोअर केली, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून पुन्हा नीट गोल केले. फियाट, जीप, मेटॅडोर, ट्रॅक्टर, दारात येईल ते. त्यामुळं गाडी बघताना माझी नजर आधी रंगावर जात नाही, नंबरावर जाते. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर आणि चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर जुळतो का, हे बघितल्याशिवाय मी कुणाच्याही गाडीबद्दल तोंड उघडत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये मी मुलाकडं सॅन होजेला होतो. तिथून मॉन्टेरे दीड तासावर. ऑगस्टात त्या गावात जुन्या गाड्यांचा उरूसच भरतो. एकीकडं प्रदर्शन, एकीकडं शर्यती, एकीकडं लिलाव. मुलगा म्हणाला, "बाबा, फेरारी २५० जीटीओ विकायला येतीय, बघून येऊया." मला आधी खरंच वाटेना. ही गाडी १९६२ ते ६४ मध्ये मिळून फक्त छत्तीस बांधल्या. ज्याच्याकडं आहे तो सहसा सोडत नाही. मुलानं कॅटलॉग दाखवला : चासी नंबर ३४१३, बांधणीच्या क्रमात तिसरी, २००० सालापासून एकाच मालकाकडं. त्यात पुढं लिहिलं होतं की इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग (मागच्या चाकांचा आस ज्यात बसतो ते) जन्मापासूनचंच आहे. हे वाचलं आणि म्हटलं, चल.

लिलावाच्या आधी गाडी बघायला ठेवली होती. पहारेकऱ्यानं हात मागं ठेवायला सांगितलं, पण वाकून बघायला ना नव्हती. मी चांगला पाऊण तास वाकत होतो. सुनेला माझ्या गुडघ्यांची काळजी, मला मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची.

होय, पाटे! तीनशे हॉर्सपॉवरची शर्यतीची गाडी, आणि मागं एकसंध हाउसिंग पाट्यांवर टेकलेलं, आपल्या जीपसारखं. ह्याचं कारण नियमात आहे. शर्यतीत जीटी, म्हणजे ग्रँड टूरिंग वर्गात पळायचं तर गाड्या किमान शंभर बांधलेल्या हव्यात, असा त्या वेळचा नियम. शंभर बांधायचा फेरारीचा विचार नव्हता. म्हणून ही नवी गाडी नाहीच, आमच्या आधीच्या २५० जीटीचं सुधारलेलं रूप आहे, असं सांगून मान्यता मिळवली. नावातला शेवटचा 'ओ' त्या मान्यतेचाच, ओमोलोगातो, म्हणजे मान्यता मिळालेली. पण जुन्या गाडीशी नातं सांगायचं तर जुनी मांडणी ठेवायला लागणार. मग जोत्तो बिझारिनी ह्या इंजिनिअरनं पाटे ठेवले आणि हाउसिंग आडवं सरकू नये म्हणून त्याला वॅट लिंकेज नावाच्या दांड्यांच्या जोडणीनं बांधून टाकलं. नियमाच्या चौकटीत राहून काढलेली ही वाट बघून मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. १९६१ च्या शेवटी तो आणि बाकीचे मोठे इंजिनिअर फेरारीतून बाहेर पडले, आणि अर्धवट राहिलेली गाडी सव्वीस वर्षांच्या माउरो फोर्गिएरीनं पुरी केली.

आता बॉडी. ओळखीची जीटीओ म्हणजे १९६२ च्या आकाराची, लांब नाकाची. ही तशी दिसत नाही. १९६४ मध्ये फेरारीच्या बॉड्या बांधणाऱ्या स्कालिएत्तीच्या कारखान्यात हिच्यावर नवी बॉडी चढवली, रुंद आणि बसकी. अशा बॉडीच्या एकूण सात गाड्या : तीन नव्या आणि चार जुन्यांवर चढवलेल्या. काही शौकिनांना पहिलाच आकार हवा असतो आणि ते ह्या बदलाला खोट मानतात. मला ते पटत नाही. शर्यत जिंकायची म्हणून बांधणाऱ्यांनीच जिचं अंग बदललं, तिला फेरफार केलेली गाडी कसं म्हणायचं? आणि पत्रा बघा. ॲल्युमिनियमचा, हातानं ठोकून बसवलेला. मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर उजेड तिरका पडला की हातोडीची लय दिसते. खड्डा नव्हे, हलकीशी लाट. साच्यातून काढलेल्या पत्र्यावर ही कधी येत नाही. आमच्या शेजारचे डेंटर बाबूकाका ह्या एका फुगवट्यासाठी दिवसभर तिथं थांबले असते.

आत स्पीडोमीटरच नाही. समोर मोठा आरपीएमचा काटा, बाकी तेल आणि पाण्याची घड्याळं. पॉलिश केलेल्या पत्र्याच्या खाचांतून गिअरचा दांडा वर आलेला, त्यावर ॲल्युमिनियमचा गोळा. वेग किती हे ड्रायव्हरला कळायची गरजच नव्हती. इंजिन किती फिरतंय एवढं कळलं की पुरे.

बॉनेट उघडं होतं. २९५३ सीसी, व्ही-१२ (व्ही आकारात बारा सिलिंडर), हवा-पेट्रोल मिसळून देणारे सहा वेबर कार्बोरेटर. प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे बारा सिलिंडरांना बारा तोंडं. पद्मिनीच्या एका सोलेक्स कार्बोरेटरवर अर्धा दिवस घालवलेल्या माणसाला विचारा, बारा तोंडं एका श्वासात आणायची म्हणजे काय. कानाला रबरी नळी लावून एकेक तोंडाची शीळ ऐकत जायचं. शेवटची जमली की पहिली पुन्हा ऐकायची. त्या काळी फेरारी इंजिनाला चासीचाच नंबर द्यायची. म्हणजे ह्या ब्लॉकचा नंबरही ३४१३. छप्पन्न वर्षं पळून, मालक बदलून, अंग बदलून काळीज तेच राहिलंय. माझ्या लेखी गाडीची खरी किंमत इथं आहे.

पळालीही कशी! फेरारीचा ड्रायव्हर फिल हिल ह्यानं १९६२ च्या टार्गा फ्लोरिओ ह्या शर्यतीच्या सरावात ही चालवली. मग एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दीनं घेतली, आणि त्या वर्षी दहापैकी नऊ शर्यती जिंकून इटलीचा जीटी विजेता ठरला. १९६३ मध्ये दागिन्यांच्या बुल्गारी घराण्यातल्या जान्नीनं ही टार्गा फ्लोरिओला नेली आणि वर्गात पहिला आला. पुढच्या वर्षी नव्या बॉडीनिशी कोर्रादो फेर्लाइनोनं तेच केलं. हाच फेर्लाइनो पुढं नापोली क्लबचा अध्यक्ष झाला आणि मॅराडोनाला घेऊन आला. फुटबॉलवेड्या कोल्हापूरकराला ह्यापेक्षा आणखी काय सांगायचं. टार्गा फ्लोरिओ म्हणजे सिसिलीच्या डोंगरातला ७२ किलोमीटरचा फेरा, तो दहा वेळा. आंबा घाट आणि करूळ घाट एकामागोमाग सकाळपासून संध्याकाळपर्यंत पळवत राहा, तेव्हा थोडा अंदाज येईल.

२५ ऑगस्टला लिलाव झाला. आम्ही घरी लॅपटॉपवर बघितला. हातोडा ४ कोटी ४० लाख डॉलरवर पडला, पण घेणाऱ्यानं मोजले ४ कोटी ८४ लाख ५ हजार. त्या दिवसाच्या भावानं सुमारे ३४० कोटी रुपये. मधले ४४ लाख ५ हजार घेणाऱ्याकडूनच : पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के, पुढच्या सगळ्यावर १० टक्के. गुळाच्या सौद्यात अडत असते, ती मी समजू शकतो. पण एवढ्या मोठ्या रकमेवर सरसकट दहा टक्के मला जड वाटले. कॅटलॉगला मात्र पूर्ण गुण. एकेक शर्यत, एकेक मालक, कुठला भाग कधीचा, सगळं क्रमानं मांडलेलं. जुनी गाडी विकणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी एवढी जरी नोंद ठेवली तरी निम्मी भांडणं मिटतील. त्या वेळी लिलावात कुठल्याही गाडीला मिळालेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. आधीचा ३ कोटी ८१ लाखांचा विक्रमही जीटीओचाच, २०१४ चा.

घेणाऱ्याला माझं एकच मागणं. हिला वातानुकूलित खोलीत कोंडू नका. इंजिन फिरलं नाही तर सील वाळतात, लायनरला गंज धरतो, कार्बोरेटरात डिंक बसतो. ही पळायला बांधलीय.

कोल्हापूरला परतल्यावर दुकानात फोटो दाखवले. आमचा बापू तीस वर्षं बोअरिंगच्या मशिनवर आहे. किमतीचा आकडा त्यानं ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि विचारलं, "दादा, बोअर किती?"

म्हटलं, "त्र्याहत्तर. आणि स्ट्रोक अठ्ठावन्न पॉइंट आठ."

तो थांबला. पद्मिनीचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अडुसष्ट मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, पंच्याहत्तर. हे आकडे त्याच्या बोटांत आहेत. "म्हणजे पिस्टन रुंद आणि धाव आखूड," तो म्हणाला. "मग साडेसात हजार आरपीएम पेलणारच की."

मग त्यानं फोटो मोठा करून ब्लॉकवर बोट ठेवलं. "आपल्या मशिनवर बसतोय बघा, दादा."