पेरूगेटजवळचा इंग्लिश क्लास: ग्रामर एक नंबर, बसायची बोंब

सदाशिव पेठेत एमपीएससीवाल्यांमुळे पावलोपावली क्लासचे बोर्ड, त्यामुळे इथे नाव घालताना फार अपेक्षा नव्हती. पण इफवाली वाक्यं, म्हणजे ते कंडिशनल्स, मॅडमनी जे काही शिकवलेत ना, तोड नाही.

नाहीतर सगळीकडे तेच, इफ आय वर अ बर्ड, आय वुड फ्लाय, पाठ करा आणि घरी जा. मॅडमनी आधी फळ्यावर मराठीच लिहिलं, 'माझ्याकडे गाडी असती तर मी आलो असतो', आणि विचारलं हे आजचं सांगताय का कालचं? सगळे गप्प. आपल्याकडे दोन्हीला तेच चालून जातं, इंग्लिशमध्ये नाही. आत्ताची नुसती कल्पना असेल तर इफ आय हॅड अ कार, आय वुड कम, आणि वेळ निघून गेली असेल तर इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव कम. हॅड हॅड ऐकून मागे खसखस पिकली पण बरोबर आहे ते. आणि आपण दोन्हीकडे असती-असतो लावतो त्या सवयीने इफच्या भागातही वुड घुसवतो, इफ आय वुड हॅव नोन वगैरे, आमच्या ऑफिसात अर्धी जनता असंच बोलते, परीक्षेत मात्र मार्क जातात.

सगळ्यात भारी पानशेतचं उदाहरण. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला, वाडे गेले. इफ द डॅम हॅड नॉट बर्स्ट, मेनी वाडाज वुड हॅव सर्व्हाइव्ड, हे सरळ थर्ड कंडिशनल, म्हणजे ते वरचं वेळ निघून गेल्याचं. मग म्हणाल्या आता शेवट आजवर आणा, दे वुड स्टिल बी स्टँडिंग टुडे. कारण तेव्हाचं, परिणाम आजचा, हे मिक्स्ड. त्यावर एक काका बोललेच, "कसले उभे मॅडम, पुरातून वाचले असते तर बिल्डरने पाडले असते!" मॅडम म्हणाल्या, "वा, आता हेच इंग्लिशमध्ये सांगा." काका बसले खाली.

बाकी बोंब आहे. शाळकरी बाक, गुडघे आपटतात, बॅच इतकी भरलेली की बोलायचा नंबर लागेल तेव्हा लागेल, फी एकरकमी आणि वर नोट्सची झेरॉक्स आपली आपण काढायची. पार्किंगचं तर विचारूच नका. बोलायची भीड घालवायची असेल तर दुसरीकडे बघा, बँकेच्या परीक्षेसाठी ग्रामर पक्कं करायचं असेल तर डोळे झाकून जा. डेमो लेक्चर फुकट आहे, थोडं आधी पोचा, पंख्याखालचे बाक लगेच जातात.