दोन्ही शाफ्ट चालतात म्हणणाऱ्याला मी 1,06,900 रुपये दिले

शर्यतीच्या बोटीसाठी प्लाय आणि जुनं इंजिन घ्यायचं होतं, तिन्ही वेळा पैसे मीच पाठवले. आधी 38,400, मग 60,000, शेवटी 8,500. घरात मी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पडवीची कौलं यंदा बदलायची होती, त्यातलीच बरीचशी रक्कम गेली. हे लिहितोय ते फक्त एवढ्याचसाठी की तो माणूस अजून इंजिनं विकतोय.

मी अडाणी नाही. चोवीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतोय, मायक्रोमीटर हातात धरून. आम्ही चौघांनी ठरवलं होतं की रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत भरतीला छोट्या आउटबोर्ड बोटी पळवायच्या, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून इंजिन अडकवलेल्या. एका बोटीत एक माणूस, इंजिन 15 अश्वशक्तीच्या आत. माझी बोट दहा फुटी. पुढे दोन बाजूंना दोन स्पॉन्सन, म्हणजे बाहेर काढलेले तरंगते भाग, मागे प्रोपेलर, वेग आला की बोट या तीनच जागी पाण्याला टेकते आणि मधला तळ हवेवर उचलला जातो. म्हणून किलोकिलोचा हिशोब. तळाला 6 मिमी, डेकला 4 मिमी मरीन प्लाय. आराखड्यावर तीन महिने गेले, पुठ्ठ्याची तीन मॉडेलं झाली.

विकणाऱ्याने बोलताना स्पॉन्सनचा कोन विचारला. तिथेच माझा विश्वास बसला. आपल्या भागात हा शब्द माहीत असलेला माणूस भेटतो कुठे? 38,400 मध्ये सात शीट प्लाय, इपॉक्सी आणि ग्लास कापड वेळेवर घरपोच आलं. प्रत्येक शीटवर ठळक शिक्का, आयएस 710, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक. आधी थोडा माल पोचवायचा, मग मोठी रक्कम काढायची, हा डाव सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होता. पण प्लाय अंगणात येऊन पडल्यावर शंका घ्यायची कशी, असं तेव्हा वाटलं.

शिक्क्यावर जाऊ नका. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. मी टाकला नाही.

आता तो क्षण. जुनं दोन स्ट्रोक 15 अश्वशक्तीचं इंजिन 95,000 ला ठरलं, आगाऊ 60,000. पैसे पाठवायच्या आदल्या रात्री मी विचारलं, शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली प्रोपेलरकडे जाणारा दांडा, शॉर्ट की लाँग? माझ्या बोटीची मागची फळी 15 इंच उंचीची, म्हणजे शॉर्ट शाफ्ट. लाँग शाफ्ट 20 इंचांचा. ते पाच इंच म्हणजे प्रोपेलर आणि गिअरचा डबा पाच इंच खोल, सगळा ओढा पाण्याचा, बोट उठणारच नाही. शर्यतवाले उलट इंजिन वर चढवत नेतात, अर्ध्या अर्ध्या इंचाने. त्याचं उत्तर आलं: ‘दोन्ही चालतात, फळीवर एक लाकूड मारा.’

मी तो निरोप दोनदा वाचला. जेवण वाढलेलं होतं, हात थांबला. ज्याने एकदा तरी स्वतः इंजिन बसवलंय तो असं बोलणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं! आणि मीच त्याच्या वतीने उत्तर शोधलं: हा मच्छीमारांना इंजिनं विकतो, त्यांना लाँग शाफ्ट लागतो, घाईत लिहिलं असेल. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यानंतर खाडीच्या तोंडाशीही जाता येत नाही, म्हणून मे महिन्यातच चाचणी हवी होती. सकाळी 60,000 गेले. पाच दिवसांनी ‘वाहतूक आणि विमा’ म्हणून 8,500. मग फोन बंद.

शेजारच्या मिस्त्रीकाकांनी आधीच सांगितलं होतं, ‘माल डोळ्यांनी बघ, मगच पैसे दे.’ त्यांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. ‘तुमच्या होडीचं वेगळं, माझ्या बोटीचं वेगळं,’ असं मी त्यांना म्हणालो होतो. अजून त्यांच्याकडे बघवत नाही.

फोन बंद झाल्यावर प्लायचा तुकडा उकळत ठेवला. खऱ्या मरीन प्लायची चाचणी 72 तास उकळून होते. माझा तुकडा चार तासांत पत्त्यांसारखा सुटला. ताशी 50 किलोमीटरला तळ असा सुटला असता तर? माझ्या जागी बाकीच्या तिघांतलं कोणी असतं तर?

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? त्यावर, आरोपी मुंबईचा, तिकडे जा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय, हे मी छापून नेलं तरी कागद उलटून बघितला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं, आधी माल मिळाला होता ना, मग फसवणूक कशी? बँकेत शाखाधिकारी म्हणाले, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, मी एकोणीस दिवसांनी फोन केला, तोवर पैसे पुढे सरकले होते. तुम्ही तासाभरात करा, लाज वाटली तरी करा. माझे एकोणीस दिवस त्या लाजेतच गेले. ग्राहक हेल्पलाइन 1915 ने तक्रार क्रमांक दिला, पुढे काही नाही. एक शिपाई तर म्हणाला, ‘खेळण्यातल्या बोटीवर एवढे पैसे?’ माझा पगाराचा पैसा आहे, माझी तीन महिन्यांची आखणी आहे, ते खेळणं कसं? शेवटी पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवली, पोचपावती जपून ठेवली आहे.

जुनं इंजिन पाण्याच्या पिंपात बसवून समोर सुरू करून घ्या. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक असेल तर उठून निघा. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा, ब्रॅकेटवरचा अनुक्रमांक घासलेला नाही ना बघा. अंतर लांब असेल तर एसटीने जा, पण जा.

तो सगळ्यांना बहुधा एकच फोटो पाठवतो: निळ्या पिंपावर लाल टोपणाचं इंजिन, मागे माडाची झावळी, डाव्या कोपऱ्यात चिरेबंदी भिंत. मला आलेला हाच. तोच फोटो गेल्या आठवड्यात दापोलीकडच्या एका मुलाला आलाय, त्याने 40,000 द्यायचे ठरवले होते. मी त्याला फोन केला. तुम्हाला हा फोटो आला तर पाठवणाऱ्याला शाफ्टचं विचारा.