ब्रेक पॅडचा पिवळा दिवा: नवे पॅड, नवा सेन्सर आणि एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि त्यांचा सेन्सर बदलून घेतला. मधे अख्खा पावसाळा गेला, दिवाळीही झाली, त्यामुळे आता या कामाबद्दल खात्रीने लिहिता येईल. गाडी युरोपियन बनावटीची सेडान, मॅन्युअल गिअरची. रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा नाका, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. या रस्त्यावर पाय सतत ब्रेकवरच असतो, त्यामुळे "पॅड इतके हजार किलोमीटर चालतात" हा हिशोब आपल्याकडे धरूच नका.

आधी दिवा ओळखा. लाल रंगाचा, गोलात उद्गारचिन्ह असलेला दिवा म्हणजे हँडब्रेक ओढलेला आहे किंवा ब्रेक ऑइल कमी झालंय. हँडब्रेक पूर्ण सोडूनही तो गेला नाही तर गाडी बाजूला घ्या, पुढे रेटू नका. पिवळा दिवा, ज्यात गोलाच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषांचे कंस असतात, तो पॅड झिजल्याचा. माझ्या गाडीत पॅडच्या आत ठराविक खोलीवर एक बारीक तार बसवलेली आहे. पॅड तिथपर्यंत झिजला की तार डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या आणि पॅड जिच्यावर दाबले जातात त्या तबकडीला, घासून तुटते आणि दिवा लागतो. म्हणून हा सेन्सर एकदाच कामाला येतो, पॅडसोबत तोही नवा घ्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर नसतोच. तिथे पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला लागून कर्कश आवाज करते, तीच सूचना.

दिवा लागल्यावर घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. चाक न खोलताच तिथला मुलगा म्हणाला, "ताई, पॅड अजून चालतील. सेन्सरची वायर जोडून देतो, लाइट जाईल." मी नको म्हटलं, आणि हे इथे पोटतिडकीने लिहिते आहे: हे कुणालाही करू देऊ नका. दोन तारा एकमेकींना जोडल्या की सर्किट कायमचं पूर्ण राहतं. मग पॅड पार पत्र्यापर्यंत झिजून डिस्क कापायला लागले तरी दिवा लागणार नाही. नंतर ती गाडी कुणी सेकंडहँड घेतली तर त्या माणसाला काही कळायला मार्गच नाही. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा पुढच्या चाकाच्या मागे वाकून ती वायर टेप मारून गुंडाळलेली तर नाही ना, एवढं बघाच.

पुढे वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी आधी चारही चाकं खोलली, मग तोंड उघडलं. सेन्सर पुढच्या एकाच चाकात होता. दुसऱ्या बाजूला कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन जाम झालेली होती आणि तिथला आतला पॅड सेन्सरवाल्या पॅडपेक्षाही जास्त झिजलेला निघाला. दिव्याला त्याचा पत्ताही नव्हता! नव्या पॅडची जाडी साधारण १० ते १२ मिमी असते आणि ३ मिमीच्या आसपास आली की ते बदलायचे. हा पॅड त्याच्याही खाली गेला होता. काकांनी पिना साफ करून त्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावलं. डिस्कची जाडी मोजून डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून दाखवली. ती ठीक होती, त्यामुळे मोठा खर्च वाचला.

ब्रेक ऑइलची पातळीही खाली होती. मी विचारलं, "काका, गळती आहे का?" ते म्हणाले, "नाही ताई, पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन बाहेर येतो, ऑइल त्याच्यामागे जातं. नवे पॅड टाकले की परत वर येईल." कुणी आधीच वरून भर घातली असती तर पिस्टन मागे दाबताना ऑइल ओसंडून बाहेर आलं असतं, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. पण ऑइल जुनं होतं, म्हणून सगळं काढून नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) भरलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. उतारावर ब्रेक तापले की अशा ऑइलची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. गायमुख घाटातून ट्रकच्या मागे उतरणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. तिथे मी खालचा गिअर ठेवूनच उतरते.

सिरॅमिक पॅडचा विचार केला होता, पण गाडीच्या कंपनीचेच घेतले. त्यांची काळी धूळ रिमवर बसते, दर आठवड्याला पुसावी लागते. तक्रार म्हणाल तर तेवढीच. सेन्सर ऑर्डर करून मागवावा लागला, पण पॅडच्या मानाने तो स्वस्त आहे.

सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे टाळले, तोपर्यंत पॅड डिस्कवर नीट बसले. पावसाळ्यात सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर यायची. रात्रभरात डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, दोन-तीनदा ब्रेक लागले की जातो. विटाव्याला रेल्वेपुलाखाली साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालवत पेडल हलकं दाबून ब्रेक सुकवून घेत होते. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून दिवा उगाच लागेल अशी धास्ती होती, तसं एकदाही झालं नाही.

दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला पॅड पुन्हा मोजून घेतले. दोन्ही बाजू सारख्या झिजल्या आहेत, म्हणजे पिना मोकळ्या आहेत, आणि मला सगळ्यात जास्त समाधान त्याचं वाटलं. मागच्या चाकांना मात्र सेन्सर नाही. तिथले पॅड आता बदलायच्या बेताला आलेत, त्यांचं काम जानेवारीत काकांकडेच करणार आहे.