दुधाच्या नोंदी आणि रॅबिटएमक्यू: आठ महिने वापरल्यावर

भूम तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांवरच्या नोंदी सर्व्हरवर आणायला आम्ही आठ महिन्यांपासून रॅबिटएमक्यू वापरतोय. हा मेसेज ब्रोकर आहे, म्हणजे एका प्रोग्रॅमचे मेसेज रांगेत धरून दुसऱ्याला पोचवणारं सॉफ्टवेअर. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, नेटचा तर नाहीच. आधी मध्येच नेट तुटलं की नोंद पोचली की राहिली हेच कळायचं नाही, आणि दहा दिवसांच्या पगाराला वाद व्हायचे.

आता नोंद हरवत नाही. पण त्यासाठी क्यू (मेसेजची रांग) ड्युरेबल, म्हणजे ब्रोकर बंद होऊन चालू झाला तरी टिकणारी, मेसेज पर्सिस्टंट, म्हणजे डिस्कवर लिहिला जाणारा, आणि पब्लिशर कन्फर्म (मेसेज मिळाल्याची ब्रोकरची पोच) चालू, हे तिन्ही लागतं. केंद्रावरचं ॲप नोंद आधी स्वतःजवळ लिहून ठेवतं आणि ब्रोकरचा कन्फर्म आल्यावरच ती पोचली असं धरतं. आमची क्वोरम क्यू, म्हणजे एकाच रांगेच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारी क्यू, तीन नोडवर (सर्व्हरवर) आहे. उन्हाळ्यात ऐन संध्याकाळच्या संकलनात एक नोड बसला, उरलेल्या दोघांनी काम ओढलं. केंद्रावर कुणाला पत्ताही लागला नाही.

त्रास झाला तो दुबार नोंदीचा. दुसऱ्याच महिन्यात एक आजी पासबुक घेऊन आल्या. एकाच सकाळचे साडेसहा लिटर दोनदा पडले होते. "लेकरा, एवढं दूध मी घातलंच नाही. जास्तीचे पैसे नको मला." शोधलं तर डेटाबेसात नोंद झाल्यावर, पण ॲक (काम झाल्याची पोच) जायच्या आत आमच्या कंझ्युमरचं, म्हणजे क्यूतून मेसेज उचलणाऱ्या प्रोग्रॅमचं, कनेक्शन तुटलं होतं. ॲक नाही म्हणून ब्रोकरनं मेसेज परत दिला. त्याचं वचनच 'किमान एकदा' असं आहे, तेव्हा चूक आमची. रीडिलिव्हर्ड फ्लॅगवर (मेसेज आधी एकदा दिला होता या ब्रोकरच्या खुणेवर) विसंबू नका. केंद्रानंच तोच मेसेज पुन्हा पाठवला तर तो फ्लॅग लागतच नाही. आता दूध मोजतानाच नोंदीला युनिक नंबर पडतो, पुन्हा पाठवताना तोच राहतो, आणि डेटाबेसात त्यावर युनिक इंडेक्स आहे, तो तोच नंबर दुसऱ्यांदा घेऊ देत नाही. दुसरी प्रत आली तर ती सोडून द्यायची आणि ॲक करायचा.

अजून एक ध्यानात ठेवा. राउटिंग की (मेसेज कुठल्या क्यूत जायचा ते ठरवणारा पत्ता) चुकली आणि मेसेज कुठल्याच क्यूत गेला नाही, तरी कन्फर्म येतो. पाठवताना मँडेटरी फ्लॅग लावला तरच असा मेसेज परत येतो. नव्या केंद्रावर आमची अर्धी सकाळ यात गेली.

रॅबिटएमक्यूच्या ४.० आवृत्तीपासून क्वोरम क्यूत वारंवार परत येणाऱ्या मेसेजला आपोआप २० ची मर्यादा असते. डेड लेटर (अडकलेले मेसेज बाजूला ठेवायची वेगळी क्यू) जोडलेलं नसेल तर त्यानंतर तो टाकून दिला जातो, म्हणून ते पहिल्या दिवशीच जोडा. ती डेड लेटर क्यू मी रोज सकाळी उघडतो. गेल्या आठवड्यात दोन नोंदी अडकल्या होत्या, दोन्हींत फॅटचा रकाना रिकामा. केंद्रावर फोन लावून रजिस्टरवरून आकडे भरून घेतले.