नोकरी सांभाळून पोस्ट-बॅक प्रीमेड: दीड वर्षानंतरचा अनुभव

मी न्यू जर्सीत एका विमा कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे, पूर्ण वेळ. पदवी इथलीच, अर्थशास्त्रातली. त्यात जीवशास्त्र-रसायनशास्त्राचं नावही नव्हतं. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर प्रवेश मिळतो, पण त्याआधी बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स हे विषय लॅबसकट झालेले लागतात. बायोकेमिस्ट्रीही आता बहुतेक ठिकाणी मागतात. ज्यांचं हे पदवीच्या काळात राहून गेलं, त्यांच्यासाठी पोस्ट-बॅक. मी ते जवळच्या एका विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गांतून करते आहे. जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी झालं, ऑरगॅनिकचं दुसरं सत्र चालू आहे, फिजिक्स आणि बायोकेम बाकी.

माझं मत आधीच सांगून टाकते. नोकरी करणाऱ्याचे पैसे वसूल होतात ते वेळापत्रकात आणि सल्लागारात. शिकवणं कम्युनिटी कॉलेजातही चांगलं मिळतं आणि ते कितीतरी स्वस्त पडतं. पण तिथे सहाच्या पुढची लॅब मिळेलच याची खात्री नसते, आणि कोणता कोर्स कशानंतर घ्यायचा हे तुमचं तुम्हालाच जुळवावं लागतं. शिवाय औपचारिक कार्यक्रमात शेवटी विद्यापीठाच्या प्रीमेड समितीचं एकत्रित शिफारसपत्र मिळू शकतं. एरवी सायन्सच्या दोन प्राध्यापकांच्या मागे लागून एकेक पत्र गोळा करायचं म्हणजे, दिवसभर ऑफिसात असणाऱ्याला प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळाच जमत नाहीत.

कार्यक्रम निवडताना नावावर जाऊ नका. कोलंबियाचा कार्यक्रम १९५५पासूनचा, देशातला सगळ्यात जुना. ब्रिन मॉर आणि गाउचर यांचीही ख्याती मोठी. पण या शेवटच्या दोन ठिकाणी सगळं एका वर्षाच्या आसपास उरकतात आणि वर्ग दिवसा असतात, म्हणजे नोकरी सोडणं आलंच. माझ्या घरखर्चात ते बसणारं नव्हतं.

सत्राला दोनच कोर्स घ्यायचे हे मी पहिल्यापासून ठरवलं आणि त्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. आमच्या तुकडीतल्या ज्यांनी नोकरीसोबत तीन घेतले, त्यांच्यातले बरेच जण सत्राच्या मध्यावर एक सोडून बसले. सोडलेल्या कोर्सचा डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉ’चा शेरा, ट्रान्सक्रिप्टवर राहतोच.

लॅबची संध्याकाळ मात्र पूर्ण जाते, हे धरूनच चाला. ऑरगॅनिकच्या पहिल्या सत्रात आम्ही चहापत्तीतून कॅफीन काढलं. पत्ती सोडियम कार्बोनेट घालून उकळायची, गार करायची, मग सेपरेटरी फनेलमध्ये डायक्लोरोमिथेन घालून हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची आणि दर वेळी कॉक उघडून आतला दाब सोडायचा. घाईने हलवलं की मध्ये फेसाळ थर तयार होतो आणि तो काही केल्या फुटत नाही. शेजारच्या टेबलावर तेच झालं, आणि ती दोघं रात्री दहापर्यंत त्या थराकडे बघत बसली होती. आमच्या फ्लास्कच्या तळाशी शेवटी हिरवट पांढरी पूड राहिली, चिमूटभरच. दिवसभर एक्सेल बघितलेल्या डोळ्यांना ती बघून जो आनंद झाला, त्यावरून मला कळलं की मी योग्य ठिकाणी आले आहे. त्यानंतर लॅब रिपोर्ट असतो, तो रविवार खातो.

गुणांचं गणित सुरुवातीलाच समजून घ्या. अर्ज ज्या एएमसीएएस यंत्रणेतून जातो, ती पदवीचे जुने गुण पुसत नाही. पोस्ट-बॅकचे गुण वेगळ्या ओळीत दिसतात, पण एकूण जीपीएमध्ये, म्हणजे गुणांच्या सरासरीत, जुने-नवे सगळे मिसळतात. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीएही काढतात. माझ्यासारख्या दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्यांना इथे संधी आहे, कारण सायन्सची पाटी जवळपास कोरी असते. २०२३मध्ये सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि जेमतेम २३ हजार जणांना प्रवेश मिळाला. त्यांचा सरासरी जीपीए ३.७७ होता आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर ५१२च्या आसपास. एमकॅट ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात. २३० प्रश्न, आणि सुट्ट्या धरून साडेसात तास. बायोकेम न करता त्या परीक्षेला बसू नये, असं आमचे सगळे प्राध्यापक सांगतात. म्हणून मी ती पुढच्या वर्षी देणार.

पैशांचं सांगायचं तर कंपनीकडून शिक्षणासाठी मिळणारे वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतात. कोर्स कामाशी संबंधितच हवा अशी अट कायद्यात नाही, पण कंपन्या स्वतःच्या नियमात ती घालतात. एचआरला आधी लेखी विचारा. आमच्याकडे स्टॅटिस्टिक्स चाललं, ऑरगॅनिकला नकार आला.

आता तक्रारी. उन्हाळ्यातल्या लॅब फक्त दिवसा असतात हे प्रवेशाच्या वेळी कोणी बोललं नाही. त्यामुळे फिजिक्स उन्हाळ्यात उरकायचा बेत बारगळला आणि सगळं एका सत्राने पुढे गेलं. शिवाय दीड वर्षात सल्लागार दोनदा बदलले, दर वेळी माझी कथा पहिल्यापासून. ज्यांच्या भरवशावर जास्तीची फी भरायची तेच टिकत नसतील, तर तो खर्च टोचतो. फी भरण्याआधी संध्याकाळच्या लॅबचं वर्षभराचं वेळापत्रक मागून घ्या, आणि समितीच्या पत्रासाठी किमान किती जीपीए लागतो हेही विचारा.

मेडिकलच्या अर्जात दाखवायचे हॉस्पिटलमधले स्वयंसेवेचे तास मी शनिवारी सकाळी इमर्जन्सी विभागात करते. कामं साधी: ब्लँकेट देणं, कपाटं भरणं, नातेवाइकांना वाट दाखवणं. एकदा मुलाकडे राहायला आलेल्या एक मराठी आजी होत्या, घाबरलेल्या. मला त्यांचं बोलणं कळत होतं, पण डॉक्टरांसाठी दुभाषी होण्याची स्वयंसेवकांना परवानगी नसते. त्यासाठी फोनवर प्रशिक्षित दुभाषी बोलावतात. तो जोडला जाईपर्यंत मी शेजारी बसून त्यांच्याशी गावाकडच्या गप्पा मारल्या. फोन आल्यावर डॉक्टरांनी प्रत्येक प्रश्न आजींकडे बघून विचारला, फोनकडे बघून नाही. शिकण्यासारखं ते होतं, आणि कोणत्याही कोर्समध्ये ते मला मिळालं नसतं.

भारतातून बीई किंवा बीफार्म करून इथे आलेले बरेच जण मला विचारतात की पोस्ट-बॅक करून त्यांना मेडिकलला जाता येईल का, म्हणून स्पष्ट लिहिते. एच-१बीवर नोकरी सांभाळून शिकायला आडकाठी नाही. अडतं ते पुढे. एएमसीएएस परदेशी गुण तपासत नाही, त्यामुळे तुमचे तिकडचे गुण जीपीएमध्ये येतच नाहीत. बऱ्याच मेडिकल स्कूलना अमेरिकेतली किंवा कॅनडातली पदवी हवी असते, काहींना निदान बरेचसे क्रेडिट्स इथले हवेत. ग्रीन कार्ड नसेल तर अर्ज घेणाऱ्या शाळा मोजक्या उरतात, आणि सरकारी कर्जही मिळत नाही. पोस्ट-बॅक कितीही चांगल्या गुणांनी केलं तरी यातलं काहीच त्याने सुटत नाही. एएएमसी या मेडिकल स्कूलच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क यादीत प्रत्येक शाळेची अट दिलेली असते. पहिल्या कोर्सची फी भरण्याआधी ती घ्या, तुमचा व्हिसा आणि पदवी यांत बसणाऱ्या शाळा वेगळ्या काढा, आणि त्यांच्या प्रवेश कार्यालयांना ईमेल करून उत्तर लेखी घ्या.