दादरमधील शालेय मुलांचा जलरंग वर्ग : एक परीक्षण

मुंबईत चित्रकलेचे वर्ग गल्लोगल्ली आहेत; मात्र पाचवी ते आठवीच्या मुलांना जलरंग शिकवणारा, आणि तोही परीक्षेच्या तयारीसाठी नव्हे, असा वर्ग शोधू लागले की यादी लवकर संपते. दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीत शनिवार-रविवार चालणारा हा वर्ग त्या मोजक्यांपैकी एक आहे. जागा कमी असल्याने नाव छापू नये, अशी वर्ग चालवणाऱ्या बाईंची विनंती असून ती मी पाळत आहे. तरीही त्यांनी अभ्यासक्रम इतका विचारपूर्वक आखला आहे, की अन्यत्र मुलांना घालणाऱ्या पालकांना आणि शाळेत हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनाही त्याची माहिती उपयोगी पडेल. माझी मुलगी सातवीत असून ती तेथे जाते, आणि पालकांना मागच्या बाकावर बसू दिले जात असल्याने मला बरेच काही जवळून पाहता आले.

आपल्याकडे शालेय चित्रकला म्हटली की कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा आठवतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बहुतेक खासगी वर्ग त्या परीक्षांभोवतीच फिरतात. मडके, घडी पडलेले कापड आणि दोन फळे मांडून केलेल्या वस्तुचित्रातून प्रमाणाची आणि छायाप्रकाशाची शिस्त लागते, याबद्दल वाद नाही; पण स्मरणचित्रासाठी फुगेवाला, बसथांब्यावरची रांग आणि नळावरच्या बायका यांच्या ठरावीक आकृत्या घोकून घेतल्या जातात, तेव्हा मुलाने स्वतः पाहिलेले असे काहीच त्या कागदावर उरत नाही. या वर्गात परीक्षेची तयारी करून घेत नाहीत, आणि ते प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगितले जाते.

पहिल्या पाठात चित्र काढायचेच नसते. बोर्डाखाली लाकडी ठोकळा सरकवून त्याला उतार दिला जातो, वाटीत भरपूर प्रुशियन ब्लू कालवला जातो आणि मुलांनी कागदभर सपाट वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ, एकसारखा थर, द्यायचा असतो. वरच्या कडेने ब्रश आडवा फिरवला की पट्ट्याच्या खालच्या काठाशी रंगाचे पाणी साचते, पुढचा पट्टा ते पाणी आपल्याबरोबर खाली ओढत नेतो, आणि तळाशी उरलेले पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावे लागते. वाचताना सोपे वाटते, पण बारा वर्षांच्या मुलाला मधेच मागे वळून ‘जरा नीट’ करण्याचा मोह आवरत नाही. माझ्या समोरच बसलेल्या एका मुलाने अर्धवट सुकलेल्या भागावर ओला ब्रश टेकवला, आणि काही क्षणांत तेथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कातरलेल्या कडांचा डाग उमटला. नवीन पाणी अर्धओल्या थरात शिरून रंगकणांना कडेला ढकलते, म्हणून असे होते. बाईंनी कागद उचलला नाही की ओरडल्याही नाहीत. ‘आता हात लावू नकोस, वाळू दे, मग बघू याचं काय करायचं ते,’ इतकेच म्हणाल्या. पुढच्या वेळी त्याच डागाचा त्या मुलाने वरळीच्या समुद्रावर दाटून आलेला ढग केला. माझ्या मते या वर्गाची खरी शिकवणी हीच आहे : कधी थांबायचे ते कळणे.

साहित्याच्या पेटीत काळा आणि पांढरा या दोन्ही नळ्या नसतात. शाळेत पोस्टर कलर वापरणाऱ्या मुलांना उजळ भाग शेवटी पांढऱ्या रंगाने लावायची सवय असते. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद, आणि तो कोठे कोरा ठेवायचा हे रंगाला हात लावण्यापूर्वी ठरवावे लागते. काळ्याऐवजी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करडा करायला शिकवतात. एकाचे प्रमाण वाढवले की थंड, दुसऱ्याचे वाढवले की उबदार करडा मिळतो. जिन्याच्या कठड्याची सावली या करड्याने रंगवून झाल्यावर मुलांना सावल्यांतही रंग दिसू लागतात. याच सुमारास चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या हातात दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्राची मोठी छपाई प्रत भिंतीवर लावली जाते. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असून, तेलरंगाचे वाटावे असे ते काम जलरंगाचे आहे, यावर मुलांचा सहजी विश्वास बसत नाही. दिव्याचा उजेड कोठून सुरू होतो आणि कोठे विरतो, हे ती बोटाने दाखवतात.

पावसाळ्यातल्या पाठात मेणबत्तीच्या तुकड्याने कागदावर सरी ओढून वरून करड्याचा वॉश देतात. मेणावर पाणी धरत नसल्याने सरी पांढऱ्या राहतात. मुले त्यात रमतात, पण एकदा युक्ती कळली की त्यात फारसे उरत नाही. दादर स्थानकाजवळच्या फुलबाजाराचा पाठ मात्र अव्वल आहे. पहाटे पालकांसह तेथे जायचे, उभ्याउभ्या पेन्सिलीने आणि एकाच रंगाने टिपणे घ्यायची, आणि एकेक झेंडू न काढता ढिगाचा एकच आकार पाहायचा, असे त्याचे नियम असतात. नंतर वर्गात ती टिपणे समोर ठेवून मोठे चित्र करायचे असते. फोटोला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. एका मुलीने फुले जवळजवळ वगळून नुसता तराजू आणि ओली गोणपाटे रंगवली. बाईंनी ते चित्र सर्वांसमोर ठेवून तिने काय गाळले, यावर चर्चा घेतली. ‘सृजनशील चित्रकला’ हा शब्द माहितीपत्रकांत स्वस्त झाला आहे. येथे तो प्रत्यक्षात दिसला.

उणिवा आहेत, आणि त्यांतली एक गंभीर आहे. सत्राअखेरीच्या प्रदर्शनाआधी एका साहाय्यकाने काही मुलांच्या चित्रांवर स्वतःचा हात फिरवला : कडा धारदार केल्या, पार्श्वभूमीला गडदपणा आणला. पालक खूश झाले, चित्रे देखणी दिसली. पण वर्षभर डाग तसाच राहू द्या म्हणणाऱ्या वर्गाला हे शोभत नाही. मी विचारणा केल्यावर बाईंनी पुढच्या सत्रात हे होणार नाही, असे सांगितले. शिवाय बेसिन एकच असल्याने पाणी बदलायला रांग लागते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत वॉश लवकर सुकत नसल्याने एका हेअर ड्रायरवर सगळ्यांची भिस्त असते. जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य असूनही मुलांना तेथे नेण्याचा बेत वर्षभरात जमला नाही, हेही खटकले.

शुल्क दरमहा १,८०० रुपये असून त्यात साहित्य येत नाही. सुरुवातीला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद, आठ रंगांच्या नळ्या आणि ६ व १२ क्रमांकाचे गोल ब्रश घ्यावे लागतात. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतात. वड्यांपेक्षा नळ्या बऱ्या, कारण वाटीभर वॉश चटकन कालवता येतो. पैसे वाचवायचेच असतील तर ते रंगांत वाचवावेत, कागदात नाही. पातळ कार्ट्रिज (साध्या चित्रकलेच्या) कागदावर वॉश देताच फुगवटे येतात, पाणी खळग्यांत साचते आणि मुलाला वाटते की चूक आपलीच आहे. सरावासाठी महाग कागद परवडत नसेल, तर ताव पावपट कापून दोन्ही बाजू वापराव्यात, हा बाईंचाच सल्ला आहे.

ज्यांना यंदाच ग्रेड परीक्षेला बसायचे आहे किंवा दर आठवड्याला भिंतीवर लावण्याजोगे चित्र घरी यावे अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी येथे येऊ नये. बाकीच्यांनी जून उजाडण्यापूर्वीच नाव नोंदवावे. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही, आणि ओला बोर्ड आडवा धरून जिना उतरावा लागतो; तेव्हा बरोबर जुनी चादर किंवा मोठी सपाट पिशवी ठेवावी.